दुखणं मनगटात, कारण सीटवर: मोटरसायकलवरच्या बसण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोटरसायकलस्वाराचं आहे. वय 43, उंची 177 सेंटिमीटर, वजन 76 किलो, दिवसभर खुर्चीत बसून करायचं काम. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत; मापं आणि घटनांचा क्रम जसा झाला तसाच दिला आहे.

अकरा वर्षं ते ताठ बसायच्या साध्या मोटरसायकलवर फिरत होते. मग एक वापरलेली, थोडी तेज बांधणीची गाडी घेतली. तिचं हँडल सपाट आणि खाली, फूटरेस्ट मागे आणि जरा उंच, टाकी लांब. रोज जाऊन-येऊन 68 किलोमीटर आणि महिन्यातून एखादी दिवसभराची फेरी, असा वापर.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगून टाकतो. स्वाराचं शरीर गाडीला तीन ठिकाणी टेकतं: बूड सीटवर, पाय फूटरेस्टवर, हात हँडलवर. या तीन बिंदूंचा त्रिकोण कसा पडतो त्यावर कंबरेतला वाक, गुडघ्याचा कोन आणि मनगटावरचा भार ठरतो. हँडल खाली आणि पुढे गेलं की धड पुढे झुकतं. फूटरेस्ट मागे गेले की गुडघे जास्त दुमडतात, पण त्याच वेळी पाय धडाच्या खाली येतात आणि पायांवर वजन घेणं सोपं होतं. म्हणून झुकलेली बैठक मुळातच वाईट, असं म्हणता येत नाही. वेगात समोरून येणारा वारा झुकलेल्या छातीला आधारही देतो. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; 40 च्या वेगाला जेवढा, त्याच्या चौपट 80 ला. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर सुखाची वाटणारी बैठक गर्दीत, 25-30 च्या वेगात, मनगटं मोडून काढते. आमच्या स्वारांचा निम्मा रस्ता असा संथ गर्दीचाच होता.

अडचण

तक्रार सुरू झाली हातापासून. निघाल्यावर साधारण 25 मिनिटांनी उजवी करंगळी आणि अनामिकेचा बाहेरचा अर्धा भाग बधिर व्हायचा. मुंग्या यायच्या, हात झटकला की दोन मिनिटं बरं वाटायचं, पुन्हा तेच. डाव्या हाताला हे उशिरा आणि कमी व्हायचं. तासाभराने मान आखडायची, उतरल्यावर कंबर सरळ करायला क्षणभर थांबावं लागायचं.

कोणती बोटं बधिर होतात हे नीट विचारून घ्यावं. करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून जाते; हँडलवर तळहात दाबून भार टाकला की ती तिथे चेपली जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती नस वेगळी, मनगटाच्या मधल्या बोगद्यातून जाणारी, आणि तिथे मनगट सतत वाकलेलं असण्याचा संशय जास्त. इथे करंगळी होती, म्हणजे संशय सरळ भाराचा. गाडीवरून उतरल्यावर काही तासांनीही बधिरपणा राहिला असता तर मी गाडीला हात लावायच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं. ते स्वतःच जाऊन आले होते. कायमचं काही नाही, दाब कमी करा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

दुसरी तक्रार त्यांनी बऱ्याच उशिरा, जवळजवळ सहज बोलल्यासारखी केली. ‘गाडी उजव्या वळणात बाहेर जाते. डावीकडे ठीक आहे. टायर बदलून पाहिले, तरी तसंच.’ त्यांच्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक शरीराची, एक गाडीची. माझ्या मते हे प्रकरण इथेच वळलं, कारण त्या दोन्ही एकाच कारणाच्या दोन बाजू निघाल्या.

माझ्याकडे येण्याआधी काय झालं

पहिला उपाय जेलच्या उशीचा. कंबर दुखते म्हणजे सीट कडक, असा हिशोब. उशी साधारण 25 मिलिमीटर जाड होती आणि तिचं कापड गुळगुळीत. स्वार तेवढा वर गेला, म्हणजे हँडल त्याच्या मानाने तेवढंच आणखी खाली गेलं. शिवाय घसरण वाढली. मनगटं आधीपेक्षा लवकर बधिर व्हायला लागली. उशी काढून ठेवली गेली, पण ती का फसली हे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते.

दुसरा उपाय जाड, गादीचे हातमोजे. मूठ जाड झाल्यावर ती धरायला बोटांना जास्त आवळावं लागतं, आणि हाताची दमणूक वाढते. पंधरा दिवसांत तेही बंद.

तिसरा उपाय मोठा होता: हँडलखाली 50 मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे. मनगटं खरोखर सुधारली. बधिरपणा 25 वरून 50 मिनिटांवर गेला. स्वार खूश झाले. पण आठवडाभरात नवीन तक्रार: मोकळ्या रस्त्यावर 85-90 च्या पुढे पुढचं चाक ‘तरंगल्यासारखं’ वाटतं, गाडी हलकीशी डुलते. उजव्या वळणाची अडचण तशीच. या टप्प्याला ते माझ्याकडे आले.

तपासणी

पहिल्याच दिवशी एक गोष्ट अशी दिसली की बाकी सगळं बाजूला ठेवलं. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की पुढच्या ब्रेकचा होज (ब्रेकचं तेल नेणारी नळी) तारेसारखा ताणला जात होता आणि फ्रेमच्या कडेला घासून त्याच्या वेष्टणावर एक पांढुरकी रेघ पडली होती. या अवस्थेत ते तीन आठवडे गाडी चालवत होते. रायझर लावताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघणं, इंजिन चालू ठेवून वळवताना रेस आपोआप वाढत नाही ना हे पाहणं, क्लचच्या केबलला ढील आहे ना हे तपासणं, एवढं पाच मिनिटांचं काम राहून गेलं होतं. मी रायझर काढले, होज बदलायला लावला आणि गाडी मूळ अवस्थेत आणली. स्वारांचा विरोध होता; मिळालेला आराम हातचा जातोय असं त्यांना वाटत होतं. मला मात्र मूळ बैठक पाहिल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं.

मग गाडी स्टँडवर सरळ उभी केली, त्यांना नेहमीसारखं बसायला सांगितलं आणि बाजूने फोटो काढला. त्यानंतर एक साधी चाचणी. ‘आता हँडलवरून हात फक्त बोटभर वर उचला, आणि तसेच राहा.’ दुसऱ्या सेकंदाला ते पुढे कलंडले आणि तळहात पुन्हा हँडलवर आदळले. पुन्हा केलं, तेच. हात वर करताना त्यांचे गुडघे टाकीपासून चार बोटं लांब होते, उजव्या पायाची टाच फूटरेस्टवरून उचललेली होती, आणि बूड सीटच्या पुढच्या टोकाला, टाकीला चिकटलेलं. म्हणजे धड तोलायला शरीराच्या खालच्या भागाची काहीच मदत नव्हती. पूर्ण भार हातांवर. ही चाचणी नीट बसलेला स्वार दहा-पंधरा सेकंद सहज करतो, कारण त्याचे गुडघे टाकीला धरून असतात आणि पोट-कंबर जागी असते.

बूड पुढे का गेलं? सीटवर सपाट फळी ठेवून त्यावर फोनमधलं लेव्हल लावलं: पुढे 8 अंशांचा उतार. वापरून वापरून फोम पुढच्या बाजूला बसला होता. सीटवर 55 किलो भार येतो असं धरलं, तर 8 अंशांच्या उतारावर पुढे ढकलणारा जोर साडेसात किलोच्या आसपास येतो. कापडाचं घर्षण त्यातला काही भाग धरून ठेवतं, पण प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला माणूस थोडाथोडा पुढे सरकतोच. टाकीला टेकला की मग तिथून मागे जायला जागा नाही, आणि सरकणं थोपवायला हात उरतात.

मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती जुळणी, सातपैकी सहाव्या खाचेवर होता. आधीचा मालक नेहमी मागे कुणाला तरी बसवून फिरत असावा, असा माझा अंदाज. मागच्या चाकाची एकूण हालचाल 130 मिलिमीटर. स्वार बसल्यावर गाडी जेमतेम 18 मिलिमीटर खाली बसत होती. रस्त्यावरच्या वापराला हे बसणं एकूण हालचालीच्या तीस टक्क्यांच्या आसपास हवं, म्हणजे इथे 39. मागची बाजू उंच राहिल्याने सीटच्या उताराला थोडी आणखी भर, आणि खड्ड्याचा ठोसा थेट कंबरेत.

उजवा पाय सगळ्यात शेवटी नजरेत आला, आणि खरं तर तो पहिल्यांदा यायला हवा होता. मागच्या ब्रेकचं पेडल फूटरेस्टच्या पातळीपेक्षा बरंच वर बसवलेलं होतं. चुकून ब्रेक लागू नये म्हणून ते दिवसभर उजवा चवडा वर ओढून धरायचे. असा पाय फूटरेस्टवर दाबता येत नाही. दाबता न येणाऱ्या पायाच्या बाजूचं शरीर कशावर टेकणार? त्याच बाजूच्या हातावर. उजवी करंगळी आधी का बधिर होते, याचं उत्तर घोट्यात होतं.

लिव्हरसुद्धा चुकीचे होते. धड झुकलेलं असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात खाली उतरत येतो. लिव्हर त्याच रेषेत खाली झुकलेले हवेत. इथे ते जवळजवळ आडवे होते, त्यामुळे बोटं लिव्हरवर ठेवायला मनगट मागे मोडावं लागत होतं. उजव्या हाताला वरून थ्रॉटलचा, म्हणजे रेस देण्याच्या मुठीचा, पीळ.

आता वळणाचं कोडं सुटतं. चालत्या मोटरसायकलला उजवीकडे झुकवायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची असते. हँडल क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे पडते. हे बहुतेक स्वार नकळत करतात. पण दोन्ही कोपरं ताठ आणि दोन्ही हातांवर धडाचा भार असेल तर डावा हातही तितकाच पुढे रेटत असतो. उजव्या हाताचा रेटा त्याच्याशी भांडण्यातच संपतो. उजव्या मनगटाला थ्रॉटलही सांभाळायचं आहे, ते आधीच मोडलेलं आहे आणि बोटं बधिर आहेत. म्हणून उजवं वळण अपुरं झुकायचं आणि गाडी बाहेर जायची. त्यात मान आखडलेली असल्याने नजर जवळच्या रस्त्यावर पडायची. 50 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते; दहा-बारा मीटरवर पाहणारा माणूस वळणाचा शेवट पाहतच नाही, आणि रेषा तिथेच बिघडते. टायर बदलून यातलं काहीच बदलणार नव्हतं.

आणि 50 मिलिमीटरच्या रायझरने पुढचं चाक का तरंगायला लागलं? सहज सांगितलं जाणारं कारण म्हणजे वजन मागे गेलं. मी हिशोब केला: धड सरळ झाल्याने स्वाराचा गुरुत्वमध्य फार तर 40 मिलिमीटर मागे गेला असेल. दोन चाकांमधलं अंतर 1390 मिलिमीटर. म्हणजे पुढच्या चाकावरून कमी झालेला भार 2 किलोच्या आसपास. एवढ्याने गाडी डुलत नाही. खरं कारण असं की ताठ छातीवर वाऱ्याचा रेटा वाढला, तो उंचावर लागत असल्याने पुढचं चाक हलकं करतो, आणि मागे ढकलला जाणारा स्वार हँडल ओढून स्वतःला जागी ठेवतो. वाऱ्याच्या झोताने धड हललं की तीच हालचाल हातांतून हँडलमध्ये उतरते. आधी ते हँडलवर रेलत होते, आता हँडलला लटकत होते. दोन्ही वेळा हँडल आधार म्हणूनच वापरलं जात होतं.

कोणते पर्याय होते

एक, गाडी विकून पुन्हा ताठ बैठकीची घ्यायची. स्वारांच्या घरच्यांचं मत हेच होतं, आणि ते वेडगळ नव्हतं. रोजचा संथ गर्दीचा वापर पाहता ताठ बैठक त्यांना जास्त सोयीची झाली असती. पण गाडीत चार गोष्टी चुकीच्या लावलेल्या असताना तिच्या मूळ बैठकीबद्दल निकाल देणं मला योग्य वाटलं नाही.

दोन, 50 चे रायझर ठेवायचे आणि लांब होज, लांब केबल टाकायच्या. हातांना आराम नक्की मिळाला असता. उजवा पाय, सीटचा उतार आणि वेगातलं डुलणं मात्र तसंच राहिलं असतं.

तीन, फूटरेस्ट खाली आणि पुढे घेणाऱ्या पट्ट्या. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून हा पर्याय मोहाचा होता. मी नको म्हटलं. फूटरेस्ट खाली आले की वळणात झुकताना ते लवकर रस्त्याला घासतात. आणि पाय पुढे गेले की ते धडाच्या खालून निघतात, मग खड्ड्यावर बूड उचलताना हँडल ओढावं लागतं.

चार, खालून वर जायचं: आधी पाय आणि बूड, मग हात, आणि रायझरचा निर्णय सगळ्यात शेवटी. हा मार्ग सावकाश होता आणि त्यांना अजून दोन महिने त्रास सोसावा लागणार होता. मी ते लपवलं नाही. त्यांनी एका रात्रीचा वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाले.

काय केलं

64 किलोमीटरचा एकच रस्ता ठरवला: थोडी गर्दी, थोडा सरळ मोकळा पट्टा, थोडा उखडलेला भाग आणि शेवटी सलग अकरा वळणं. टायरची हवा दर वेळी थंड असताना तीच. वाटेत तीन थांबे, प्रत्येक थांब्यावर वहीत मनगट, मान, कंबर, बूड, गुडघे यांच्या दुखण्याला शून्य ते पाच गुण. मुंग्या कितव्या मिनिटाला आल्या ते वेगळं. वहीशिवाय हे काम होत नाही. माणसाला कालचं दुखणं आजच्यापेक्षा कमीच आठवतं.

पहिल्या टप्प्यात पेडल आणि लिव्हर. पेडल 15 मिलिमीटर खाली आणलं, त्यानंतर त्याची मोकळी चाल पाहिली आणि ब्रेकलाइटचा स्विच पुन्हा जुळवला. पेडल हलवल्यावर दिवा उशिरा लागू लागतो किंवा सतत लागून राहतो, हे विसरायचं नाही. लिव्हर खाली फिरवले. डाव्या बाजूच्या स्विचच्या डबीला हँडलमधल्या छिद्रात बसणारी खुंटी होती, त्यामुळे क्लचचा लिव्हर वेगळा सैल करून फिरवावा लागला. किती फिरवायचं हे मापाने ठरवलं नाही. ते डोळे मिटून बसले, हात सहज पुढे केले, बोटं जिथे उघडली तिथे लिव्हर आणला. मुंग्या 25 वरून 45 मिनिटांवर गेल्या.

दुसऱ्या टप्प्यात प्रीलोड तिसऱ्या खाचेवर. बसणं 18 वरून 37 मिलिमीटरवर आलं. बधिरपणाच्या वेळेत फरक नाही, पण कंबरेचे गुण 4 वरून 2 वर उतरले. यात एक गंमतीची गोष्ट दिसली. मागची बाजू 19 मिलिमीटर खाली गेली म्हणजे गाडी सुमारे पाऊण अंश मागे कलली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कल तेवढाच वाढला, ट्रेलही (हँडल ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला जिथे मिळतो, तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) काही मिलिमीटर वाढला. भूमितीप्रमाणे हँडल किंचित जड व्हायला हवं होतं. स्वार परत आले ते ‘हँडल हलकं झालं’ म्हणत. मागचं चाक आता उखडलेल्या रस्त्यावर उसळत नव्हतं, त्यामुळे त्यांचे हात आवळलेले नव्हते. गाडीच्या स्वभावाबद्दल स्वार जे सांगतो त्यात त्याच्या स्वतःच्या स्नायूंचा केवढा वाटा असतो, हे मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं.

तिसरा टप्पा सीटचा, आणि सगळ्यात मोठा फरक याचाच. बसलेला पुढचा फोम कापून तिथे जरा कडक फोम भरला, मागचा भाग बसायच्या जागी किंचित खोल केला, वर घसरट नसलेलं कापड. उतार 3 अंशांवर आला. पुढे ढकलणारा जोर साडेसातवरून तीन किलोच्या आत. कडक फोम हे ऐकून त्यांना धास्ती वाटली होती. पण लांबच्या प्रवासात मऊ फोम पूर्ण दबतो आणि हाडं खालच्या पाट्यावर टेकतात. कडक फोम भार मांड्यांपर्यंत पसरवतो. बूड मागे राहिल्यावर गुडघे आपोआप टाकीच्या खोबणीत बसले. टाकीच्या दोन्ही बाजूंना खडबडीत रबरी पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे धरायला जोर कमी लागतो.

त्या फेरीत मुंग्या आल्या त्या शेवटच्या थांब्यानंतर, साधारण 80 व्या मिनिटाला, आणि अगदी थोड्या. हात उचलून राहायची चाचणी बारा सेकंद.

चौथ्या टप्प्यात रायझरचा प्रश्न पुन्हा काढला. आता गरज आहे का? गर्दीच्या पट्ट्यात मनगटाचे गुण अजून 2 होते, मान 2. आम्ही 20 मिलिमीटरचे लावले. या उंचीला मूळ होज पुरत होता; तरीही हँडल दोन्ही टोकांना वळवून, फोर्क दाबून, इंजिन चालू ठेवून सगळं तपासलं. लिव्हर पुन्हा किंचित फिरवावे लागले.

स्वारांच्या बाजूचं कामही होतं. दर काही मिनिटांनी कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी हलवून पाहायची; हलली नाहीत तर ती ताठ झाली आहेत. ब्रेक लावण्याआधी गुडघे आवळायचे, म्हणजे पुढे येणारं वजन मांड्या घेतात. मांडीच्या मागचे स्नायू इतके आखडलेले होते की कंबर नितंबातून वाकण्याऐवजी पाठीतून गोल होत होती. त्यासाठी रोज दहा मिनिटं ताणण्याचे व्यायाम. आठवड्यातून चार दिवस होत असत, असं वही सांगते.

निष्पत्ती

ठरलेल्या रस्त्यावर मुंग्या बंद झाल्या. चार तासांच्या एका फेरीत, मध्ये दोनदा थांबून, तिसऱ्या तासाच्या शेवटी करंगळीत हलकी जाणीव झाली, उतरल्यावर लगेच गेली. कंबर 1 वर. मान 1 ते 2 मध्ये अडकून आहे. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, वर दीड किलोचं हेल्मेट, आणि धड झुकलेलं म्हणजे मान मागे मोडून ते सगळं धरून ठेवायचं. हँडल आणखी वर न घेता यात फार सुधारणा होईल असं मला वाटत नाही. गुडघे जवळपास पूर्वीसारखेच. फूटरेस्ट तिथेच आहेत, तेव्हा ते अपेक्षितच होतं.

उजव्या वळणासाठी आम्ही वेगळं काहीच केलं नाही. सीट झाल्यानंतरच्या फेरीवरून आल्यावर त्यांनी वहीत फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘अकरापैकी अकरा, आत.’ 90 च्या वेगाला गाडी डुलत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पेडल आणि लिव्हर एकाच दिवशी बदलायला नको होते. 25 वरून 45 मिनिटं झाली, त्यात घोट्याचा वाटा किती आणि मनगटाचा किती, हे आता कधीच कळणार नाही. माझा कल घोट्याकडे आहे, कारण सुधारणा उजव्या हातात जास्त होती. पण तो कलच.

खालून वर जायचं असं मी म्हणालो आणि लिव्हर पहिल्याच दिवशी फिरवले. स्वारांना त्रास होत होता, फुकटचा आणि उलटा फिरवता येणारा बदल होता, म्हणून मोह झाला. परिणाम एवढाच की सीट बदलल्यावर आणि रायझर लावल्यावर ते पुन्हा दोनदा जुळवावे लागले. हे चालण्यासारखं आहे.

उजव्या वळणाबद्दल मी स्वतः विचारायला हवं होतं. दुखणं सांगणाऱ्या माणसाला गाडी कशी वळते, ब्रेकला शरीर कुठे जातं, कोणती बाजू अवघड जाते, हे पहिल्या पाच प्रश्नांत विचारलं असतं तर उजवा पाय तपासणीच्या शेवटी सापडला नसता.

घासलेला होज घेऊन तीन आठवडे गाडी चालली, हे या प्रकरणातलं सगळ्यात धोक्याचं. बधिरपणा, डुलणं हे सगळं नंतर दुरुस्त होतं. पुढचा ब्रेक ऐन वेळी गेला तर ती वेळ परत येत नाही. रायझर लावणाऱ्याने तपासलं नाही, आणि स्वारांनीही गाडी ताब्यात घेताना हँडल एकदा पूर्ण फिरवून पाहिलं नाही.

फोम कापायच्या आधी तात्पुरती पाचर लावून पाहायला हवी होती. सीटच्या कव्हरवर पुढे कडक फोमचा उतरता तुकडा पट्ट्याने बांधून एक आठवडा चालवलं असतं तर उतार किती हवा हे कापाकापीशिवाय कळलं असतं. प्रीलोड, लिव्हर, पेडल, रायझर हे सगळं पाना घेऊन अर्ध्या तासात मागे नेता येतं. फोम येत नाही. तेव्हा निकाल चांगला लागला म्हणून ही घाई खपून गेली, असं मला वाटलं होतं.

मग गेल्या महिन्यात त्यांची धाकटी बहीण हीच गाडी चालवायला शिकू लागली. उंची 158, वजन 52. लिव्हरवर आता रंगाच्या दोन खुणा आहेत, दादाची पांढरी आणि तिची पिवळी. प्रीलोड तिच्यासाठी दुसऱ्या खाचेवर जातो. रायझर तिला चालतात. सीटचा पुढचा भाग मात्र भरून घेताना कडेला रुंद झाला आहे, मांड्या बाहेर फाकतात आणि दोन्ही चवडे जमिनीला टेकायला तिला साधारण दोन बोटं कमी पडतात. जुना फोम ठेवलेला नव्हता. गाडीला बसेल अशी दुसरी वापरलेली सीट शोधतो आहोत. मिळाली की या वेळी आधी पाचर बांधून पाहू.